विजेवरची जुनी गाडी विकताना

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये घेतलेली टाटा नेक्सॉन ईव्ही मी २०२५ च्या दसऱ्याला विकली. जवळजवळ चार वर्षांत ती ५२,४०० किलोमीटर चालली आणि त्यातले बहुतेक किलोमीटर कोथरूड ते हिंजवडी या रोजच्या फेऱ्यांचे होते. त्या फेऱ्यांसाठी तिच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नव्हती. मात्र आई चिपळूणला एकटी राहू लागल्यापासून महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट उतरावा लागे आणि ३०.२ किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर तो प्रवास वाटेत थांबून चार्ज केल्याशिवाय पुरा होत नसे. कागदावरची ३१२ किलोमीटरची धाव ही प्रमाणपत्रापुरतीच असते, प्रत्यक्षात दोनशे ते सव्वादोनशे धरून चालावे, हे गाडी घेतानाच मला ठाऊक होते. मोठ्या बॅटरीची गाडी घ्यायचे ठरले, ती ऑगस्टमध्ये दारात आली आणि सोसायटीतील एकाच पार्किंगमध्ये दोन गाड्या अशी अवस्था झाली. जुनी गाडी विकण्याची खरी घाई त्या पार्किंगमुळे होती.

विकण्याआधी गाडी आपल्याला कितीला पडली याचा हिशेब मी मांडला, कारण पुढे प्रत्येकाने मला हाच प्रश्न विचारला आणि प्रत्येकाने त्याचे उत्तर आपल्या सोयीने वापरले. मी घेतलेल्या प्रकाराची शोरूममधील किंमत तेव्हा साडेपंधरा लाखांच्या आसपास होती. महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणानुसार बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे ५,००० रुपये, कमाल दीड लाख, आणि लवकर घेणाऱ्यांना आणखी एक लाखापर्यंत असे प्रोत्साहन होते. म्हणजे माझ्या गाडीमागे अडीच लाख. रस्ता कर पूर्ण माफ होता. याच किमतीच्या पेट्रोल गाडीवर बारा टक्के कर लागला असता. विमा धरून गाडी मला साडेतेरा लाखांना पडली. शिवाय प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०-ईईबीखाली, ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या विद्युत वाहन कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट होती, तिचाही लाभ मी घेतला. या सवलती घेताना गोड वाटल्या. विकताना कळले की सरकारने मला दिलेली सूट पुढचा ग्राहकही आपलीच समजतो. शोरूमची किंमत त्याच्या हिशेबात येतच नाही; तुम्ही प्रत्यक्ष किती मोजले तेथून तो खाली उतरू लागतो.

पहिली विचारपूस मी नवी गाडी घेतली त्या शोरूममध्येच केली. तेथील जुन्या गाड्यांच्या विभागाने पाच लाख पंचाहत्तर हजार सांगितले आणि वर अदलाबदलीचा बोनस तीस हजार. मग जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या ॲपवर माहिती भरली. पडद्यावर सहा लाख नव्वद हजारांचा आकडा चमकला, दुसऱ्या दिवशी त्यांचा तपासनीस घरी आला. तो मुलगा कामसू होता. रंगाची जाडी मोजण्याच्या यंत्राने त्याने दारे, बॉनेट, छप्पर सगळे तपासले, मागच्या डाव्या दारावर एकदा रंग झाला आहे हे अचूक ओळखले, चारही टायरची नक्षी मोजली, काचांवरील वर्ष पाहिले आणि शंभराच्या वर छायाचित्रे काढली. बॅटरीचे काय, असे मी विचारले तेव्हा त्याने गाडी सुरू केली, पडद्यावरचा चार्जचा ७४ टक्क्यांचा आकडा टिपला आणि आपल्या फोनमध्ये ‘बॅटरी : चालू’ असे नोंदवले. गाडीच्या किमतीचा सर्वांत मोठा वाटा ज्या वस्तूत आहे तिची तपासणी तेवढ्यावर संपली. त्या रात्री कंपनीच्या ॲपवरील लिलावात सर्वोच्च बोली पाच लाख नव्वद हजारांची आली.

मला राग आला, पण थोडा विचार केल्यावर त्यांचे गणित समजले. बॅटरी कशी आहे हे ज्याला मोजता येत नाही, तो ती वाईट आहे असे धरूनच भाव देणार. ती चांगली निघाली तर तो त्याचा नफा. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत, व्यावसायिकाने विकलेल्या जुन्या विद्युत वाहनावरील कर बारावरून अठरा टक्क्यांवर नेण्याचे ठरले. हा कर पूर्ण किमतीवर नसून खरेदी आणि विक्री यांतील फरकावर आहे, आणि दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारावर तो मुळीच नाही. तेव्हा बराच गैरसमज पसरला होता. माझ्या ओळखीचे दोघेजण अजूनही समजतात की स्वतःची जुनी गाडी विकली तर सरकारला अठरा टक्के द्यावे लागतात. तसे नाही. पण दलालाला त्याच्या फरकातून हा कर, दुरुस्ती, जागेचे भाडे आणि नफा काढायचा असतो, आणि ते सारे मला मिळणाऱ्या रकमेतून वजा होते. म्हणून गाडी स्वतःच विकायची ठरवली.

किती मागायचे हा पुढचा प्रश्न. पेट्रोल गाडीच्या बाबतीत ओळखीचा गॅरेजवालाही वर्ष आणि किलोमीटर ऐकून भाव सांगतो, कारण नव्या गाडीची किंमत दरवर्षी थोडी वाढत असते आणि जुनीला तिचा आधार मिळतो. येथे तो आधारच खाली सरकत होता. मी गाडी घेतल्यानंतर सहा महिन्यांत, मे २०२२ मध्ये, ४०.५ किलोवॅट-तासांची नेक्सॉन ईव्ही मॅक्स आली. २०२३ च्या जानेवारीत किमती उतरल्या, सप्टेंबरात नवे रूप आले. २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा कपात झाली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तर सणासुदीच्या निमित्ताने नवी नेक्सॉन ईव्ही १२.४९ लाखांपासून मिळू लागली. त्याच महिन्यात एमजीची विंडसर ही विद्युत गाडी बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेत ९.९९ लाखांना आली. मी साडेतेरा लाखांना घेतलेल्या गाडीची नवी, सुधारलेली आवृत्ती साडेबारापासून मिळत असेल, तर चार वर्षे वापरलेल्या गाडीला नऊ लाख मागणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होती. विकायला काढलेल्या त्याच वर्षाच्या बारा-तेरा गाड्यांचे भाव मी वहीत टिपले, तीन आठवड्यांनी ते पुन्हा पाहिले, आणि ज्या गाड्या तेवढ्या काळात नाहीशा झाल्या होत्या त्या साधारण सात लाखांच्या अलीकडे-पलीकडे मागणाऱ्या होत्या हे लक्षात आले. आठ लाखांच्या वरच्या सगळ्या जाहिराती जागच्या जागी होत्या. या वहीचा मला कोणत्याही भाव सांगणाऱ्या संकेतस्थळापेक्षा अधिक उपयोग झाला. मी सात लाख पंचाहत्तर हजार मागायचे आणि सातच्या खाली यायचे नाही असे ठरवले.

तो भाव मिळायचा तर बॅटरीबद्दलची भीती कागदाने दूर करायला हवी होती. अधिकृत सेवाकेंद्रात नेहमीच्या सर्व्हिसिंगबरोबर बॅटरीची तपासणी करून घेतली. त्यांच्या कागदावर बॅटरीचे आरोग्य, ज्याला त्या व्यवसायात सर्वजण ‘एसओएच’ म्हणतात, ९३ टक्के आले. म्हणजे नवी असताना जेवढी वीज साठवता येत होती, तिच्या ९३ टक्के अजून साठते. पण परक्या माणसाला कागद हा कागदच वाटतो, म्हणून घरीही एक साधा प्रयोग केला. माझ्या पार्किंगमध्ये गाडीसाठी वेगळा वीजमीटर आहे. गाडी आठ टक्क्यांपर्यंत उतरवली, रात्री साडेनऊला घरच्या चार्जरला लावली, मीटरच्या आकड्याचे छायाचित्र घेतले आणि सकाळी सातला ती शंभर टक्के झाल्यावर दुसरे छायाचित्र घेतले. मीटरवर २९.१ युनिट, म्हणजे तेवढेच किलोवॅट-तास, पडले. चार्जिंगमध्ये साधारण बारा टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते असे धरले, तर बॅटरीत २५.६ युनिट गेले. ते ९२ टक्क्यांच्या भरणीसाठी, म्हणजे पूर्ण बॅटरी २७.८ युनिटांची, अर्थात मूळ ३०.२ च्या ९२ टक्के. हा हिशेब ढोबळ आहे, कारण वाया जाणारी वीज मी मोजलेली नाही, अंदाजाने धरली आहे. तरीही सेवाकेंद्राचा आकडा आणि माझा आकडा इतके जवळ आले की पुढे ज्यांना ज्यांना मी हे दाखवले त्यांच्यापैकी कोणीही बॅटरीवरून घासाघीस केली नाही. असा प्रयोग करणाऱ्याने एक पथ्य पाळावे. या गाडीत लोह-फॉस्फेट प्रकारचे सेल आहेत आणि त्यांचा विद्युतदाब (व्होल्टेज) मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहतो, त्यामुळे नेहमी अर्धवट चार्ज करणाऱ्या गाडीचा टक्क्यांचा आकडा हळूहळू चुकू लागतो. आधी दोन-तीनदा संथ चार्जरने पूर्ण शंभरपर्यंत भरून घ्यावे आणि मगच मोजावे.

कागदपत्रांत मात्र माझीच चूक निघाली. कर्ज २०२४ च्या मार्चमध्ये फिटले होते, बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घरी आले होते, आणि मी ते निगुतीने फाइलला लावून विसरले होते. आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. पत्र बाहेर काढले तर त्यावरच तीन महिन्यांची मुदत छापलेली. पुन्हा बँकेत अर्ज, पुन्हा पत्र, मग परिवहनच्या संकेतस्थळावर बोजा उतरवण्याचा अर्ज, यात सोळा दिवस गेले. शेवटचा हप्ता भरल्यावर लगेच हे काम केले असते तर गाडी कदाचित गणपतीपूर्वीच विकली गेली असती. बाकीचे सोपे होते. गाडी एप्रिल २०१९ नंतरची असल्याने उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी मुळातच होती, पीयूसीची गरज नव्हती, आणि एक हजार रुपयांचे एक ई-चलान मी त्याच दिवशी भरून टाकले.

जाहिरात टाकली ती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. गणपतीच्या दहा दिवसांत एकवीस फोन आले, त्यांतील निम्मे दलालांचे. “मॅडम, लास्ट किती?” या वाक्याने सुरू होणारा फोन दलालाचा, हे तीन दिवसांत कळू लागले, खरा ग्राहक आधी किलोमीटर विचारतो. मग ७ सप्टेंबरला पितृपंधरवडा लागला आणि फोन जणू तोडल्यासारखे थांबले. त्यात ३ सप्टेंबरला जाहीर झाले की घटस्थापनेपासून, म्हणजे २२ तारखेपासून, छोट्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्के आणि उपकर यांवरून सरळ अठरावर येणार. विद्युत गाड्यांवर आधीपासून पाच टक्केच होता, तो तसाच राहिला. चार मीटरांच्या आतल्या पेट्रोल गाड्या लाख-दीड लाखापर्यंत स्वस्त झाल्या आणि माझ्या गाडीचा एक स्पर्धक एका रात्रीत बळकट झाला. एका गृहस्थांनी पंधरवड्याआधी सात लाख चाळीस हजार कबूल केले होते, “सर्वपित्री होऊ दे, मग विसार देतो” असे म्हणून. सर्वपित्री झाली. त्यांनी नवी पेट्रोल गाडी नोंदवल्याचे त्यांच्या पत्नीने फोनवर सांगितले, तेही अगदी संकोचाने. तोंडी कबुलीवर मी इतर दोघांना नाही म्हटले होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

याच काळातील एक फजिती. नवी गाडी आल्यापासून जुनी तीन आठवडे नुसती उभी होती, आणि चालवायची राहू दे, ती सुरू करून ठेवण्याचेही मला सुचले नाही. वाकडहून एक तरुण जोडपे गाडी पाहायला आले तेव्हा दाराचे रिमोट चालेना, चावीने दार उघडले तर आतला पडदा काळा. मोठी बॅटरी ८१ टक्के भरलेली होती. मेली होती ती बाराव्होल्टची छोटी बॅटरी, जी दिवे, कुलपे आणि संगणक चालवते आणि जिच्याशिवाय मोठ्या बॅटरीचे दारच उघडत नाही. शेजाऱ्यांच्या पेट्रोल गाडीतून वायरी जोडून दहा मिनिटांत गाडी जिवंत केली. पण त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटले होते ते पुसले गेले नाही. त्याच्या दृष्टीने बॅटरी ‘डेड’ झालेली गाडी मी त्याला विकू पाहत होते. मी समजावले, त्याने ऐकून घेतले, आणि पुन्हा फोन केला नाही. दुसऱ्याच दिवशी छोटी बॅटरी नवी बसवली आणि तिची पावती फाइलमध्ये सगळ्यात वर लावली.

गाडी शेवटी घेतली ती सासवडच्या एका शिक्षक दांपत्याने. सरांची शाळा हडपसरला, रोजची जा-ये पन्नास किलोमीटरांच्या आसपास, आणि मधे दिवे घाट. त्यांनी वर्षभरापूर्वी पीएम सूर्यघर योजनेत छपरावर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले होते, त्याचे ७८,००० रुपये अनुदानही मिळाले होते. दिवसा ऊन छपरावर आणि गाडी शाळेत, मग उपयोग काय, असे मी विचारले. सर म्हणाले, “ताई, नेट मीटर आहे ना. दिवसा वीज मंडळाला द्यायची, रात्री परत घ्यायची. आमची वीज उरतेय, पेट्रोल मात्र रोज लागतंय.” त्यांच्या फोनवरील पहिला प्रश्न किलोमीटरांचा नव्हता आणि ‘लास्ट’चाही नव्हता, घाट चढून गेल्यावर किती टक्के उरतात, हा होता. मला तेव्हाच वाटले की हाच ग्राहक.

ते सांगून कळण्यासारखे नव्हते, म्हणून घटस्थापनेनंतरच्या शनिवारी आम्ही गाडी घेऊन निघालो. कोथरूडहून ९० टक्क्यांवर सुटलो. सर चालवत होते, बाई मागे बसून वहीत आकडे लिहीत होत्या. स्वारगेट, हडपसर, मग घाट; वारीत माउलींची पालखी ज्या वळणांवरून वर जाते त्याच वळणांवर मालमोटारींच्या मागे रखडत चढलो. सासवडला त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा ६८ टक्के उरले होते. चहा झाला, छपरावरचे पॅनेल पाहिले, आणि घरातल्या ज्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावायची होती त्याचे अर्थिंग मी त्यांना वायरमनकडून तपासून घ्यायला सांगितले, कारण अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जिंग घेतच नाही आणि मग ग्राहक विकणाऱ्याला शिव्या देतो. परतीच्या वाटेवर घाट उतरताना आकडा कमी होण्याऐवजी एका टक्क्याने वाढला तेव्हा बाईंनी वहीतला आधीचा आकडा खोडून पुन्हा लिहिला. कोथरूडला ५२ टक्के. ऐंशी किलोमीटरांना ३८ टक्के, म्हणजे पूर्ण बॅटरीवर दोनशे दहा. रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याला ते पुरेसे होते, आणि चिपळूणला जाणाऱ्या मला ते अपुरे होते, गाडी तीच.

भावाची बोलणी अर्धा तास चालली. त्यांनी सहा पंचाहत्तरपासून सुरुवात केली आणि नव्या गाडीच्या साडेबारा लाखांचा दाखला दिला. मी बॅटरीच्या हमीचा कागद पुढे ठेवला. या गाडीच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी हमी आहे. म्हणजे नोव्हेंबर २०२९ पर्यंत, आणि किलोमीटरांपैकी एक तृतीयांशही संपलेले नव्हते. मालक बदलल्यावरही ती चालू राहते याची खात्री मी सेवाकेंद्राकडून आधी करून घेतली होती. अलीकडच्या काही गाड्यांवर बॅटरीची आयुष्यभराची हमी मिळते, पण ती पहिल्या मालकापुरतीच असते. विंडसरच्या बाबतीत दुसऱ्या मालकाला आठ वर्षे आणि एक लाख साठ हजार किलोमीटरच उरतात. जुनी विद्युत गाडी घेणाऱ्याने हे वाक्य हमीपत्रात शोधून वाचावे. शेवटी सात लाख दहा हजारांवर जमले, आणि माझ्या पार्किंगमधील भिंतीवरचा चार्जर त्यातच द्यायचा ठरला. नव्या गाडीबरोबर वेगळा चार्जर आला होता, त्यामुळे जुन्याचा मला उपयोग नव्हता, हे मी त्यांना सांगितले नाही.

पंचवीस हजार विसार त्यांनी यूपीआयने दिला आणि एका कागदावर आम्ही दोघांनी सह्या केल्या : एकूण रक्कम, उरलेली रक्कम कधी द्यायची, बोजा उतरल्याची नोंद ठरलेल्या तारखेपर्यंत आरसीवर दिसली नाही तर विसार परत, आणि त्यांनी माघार घेतली तर दहा हजार माझे. त्यांच्या थोरल्या भावांची सूचना होती की तीन लाख रोख द्यावेत. मी नम्रपणे नाही म्हटले. तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २६९-एसटीनुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. २ ऑक्टोबरला दसरा होता आणि गांधीजयंतीची सुट्टीही. पण आरटीजीएस २०२० च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालू असते, त्यामुळे सहा लाख पंच्याऐंशी हजार दुपारी साडेतीनला माझ्या खात्यात आले. बाईंनी गाडीला हार घातला, आपट्याची पाने दिली, आणि मी त्यांना दोन्ही चाव्या दिल्या. चावी देण्यापूर्वी एका छापील कागदावर तारीख, दुपारी चार वाजून दहा मिनिटे ही वेळ आणि किलोमीटरांचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. त्या वेळेनंतरचे चलान त्यांचे.

येथे व्यवहार संपला असे बहुतेक विकणाऱ्यांना वाटते. कायद्याने गाडी त्या दिवशीही माझीच होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत हस्तांतर कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईपुरता मालक. गाडी पुढे किती हात बदलून गेली याला महत्त्व नाही. दलाल नुसत्या सह्या केलेले कोरे फॉर्म मागतात आणि गाडी महिनोन्‌महिने मूळ मालकाच्या नावावर फिरवतात, त्यातील धोका हा आहे. म्हणून मी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० घेणाऱ्याचे नाव भरूनच सही केले, चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने ठसा काढून चिकटवला, आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी सरांबरोबर स्वतः संगम पुलाजवळच्या आरटीओत गेले. सासवड पुण्याच्याच आरटीओखाली येत असल्याने दुसऱ्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागले नाही. बाहेरच्या एका एजंटाने पीयूसी नाही म्हणून अर्ज अडेल अशी भीती घातली. मी आरसीवरील इंधनाचा रकाना त्याला दाखवला आणि पुढे गेले.

विम्याचे काम दोन भागांचे आहे आणि दुसरा भाग लोक सोडून देतात. गाडीबरोबर विमा घेणाऱ्याकडे जातो, त्याने चौदा दिवसांत विमा कंपनीला अर्ज करायचा. पण दावा न केल्याबद्दल मिळालेली सूट गाडीची नसते, माणसाची असते. माझी पस्तीस टक्के सूट मी प्रमाणपत्राद्वारे स्वतःकडे ठेवून घेतली, जी तीन वर्षांपर्यंत दुसऱ्या गाडीला लावता येते, आणि उरलेल्या काळाचा फरक सरांनी भरला. हे विसाराच्या कागदातच लिहिले असल्याने वाद झाला नाही. फास्टॅग बंद केला. फोनमधील गाडीचे ॲप तोडायचे राहून गेले होते. चार दिवसांनी सहज उघडले तर गाडी सासवडच्या बाजारपेठेत उभी दिसली, चार्ज ६१ टक्के. परक्याच्या घरात डोकावल्यासारखे वाटले आणि तत्क्षणी नोंद काढून टाकली.

हिशेबाचा शेवट लिहिते. साडेतेरा लाखांची गाडी सात लाख दहा हजारांना गेली, म्हणजे सहा लाख चाळीस हजारांची घट, किलोमीटरला सव्वाबारा रुपये. विजेचा खर्च किलोमीटरला दीड रुपयाच्या आतच होता, आणि चार वर्षे मी सर्वांना तोच आकडा कौतुकाने सांगत आले होते. स्वतःच्या वापरातील गाडी ही भांडवली मालमत्ता धरली जात नसल्याने या व्यवहारावर प्राप्तिकर नव्हता, तसाच हा तोटा कोठे दाखवताही येत नव्हता. कंपनीच्या लिलावातील बोलीपेक्षा मला एक लाख वीस हजार अधिक मिळाले. त्यासाठी दोन महिने, अकरा जणांना दाखवलेली गाडी आणि एक नवी छोटी बॅटरी एवढा खर्च झाला. २७ ऑक्टोबरला परिवहनचा संदेश आला. संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहिला तेव्हा मालकाच्या नावातील अर्धी अक्षरे फुल्यांनी झाकलेली होती, पण ती माझी नव्हती एवढे कळत होते, आणि खाली मालक क्रमांकाच्या पुढे दोन हा आकडा आला होता.